पाठपोट

आठ वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. विसरलो असं म्हणायची सोय नाही, कारण ते पत्र आमच्या मापांच्या वहीत होतं आणि ती वही मी रोज उघडत होतो. पत्र ज्या पानात होतं तेवढं पान मात्र चुकूनही उघडू नये याची काळजी घेत होतो.

पत्र लिहिणाऱ्या बाई तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवत. सुटीच्या दिवशी त्या आणि त्यांचा भाऊ समुद्रावर जात, श्वास रोखून बुडी मारत आणि पाण्याखाली बंदुकीने मासे टिपत. ती बंदूक आम्ही बनवलेली. आम्ही म्हणजे माझा मेहुणा आणि मी.

बंदूक म्हटलं की लोक दचकतात. हिच्यात दारू नसते, गोळी नसते. दोन-अडीच हात लांबीचा लाकडी दांडा, त्याच्या पाठीवर कोरलेली पन्हळ, पन्हळीत स्टीलची टोकदार सळई, आणि ती सळई फेकणारे दोन जाड रबर. मेहुणा म्हणतो, "शिकूनसवरून मोठी झालेली गलोल." गंमत म्हणून ठीक आहे. पण गलोलीचा दगड चुकला तर माणूस दुसरा उचलतो. पाण्याखाली एकच श्वास असतो आणि त्या श्वासात एकच नेम. म्हणून काही लोक दुकानातली तयार बंदूक सोडून आमच्या घरामागच्या शेडमध्ये येतात आणि अंगाला कपडा बेतावा तशी हाताला बंदूक बेतून घेतात.

मेहुण्याला सगळे रंधा म्हणतात. लाकूड तासताना त्याची जीभ आणि हातातला रंधा एकाच वेगाने चालतात म्हणून. सुतारकाम त्याचं, गणित माझं. मी छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. पोहता मला येत नाही; समुद्रात गुडघ्याच्या पुढे कधी गेलो नाही. पण रबर किती ताणला म्हणजे सळई किती वेगाने सुटेल, दांडा किती जड असला म्हणजे धक्का मनगटाला न बसता लाकडातच जिरेल, दांड्याच्या पोटात शिसं कुठे भरलं म्हणजे बंदूक पाण्यात आडवी राहील, नाक खुपसणार नाही, हे पुस्तकांवरून काढता येतं. मी प्रत्येक उत्तर तीनदा काढतो. तिन्ही वेळा तेच आलं की मला जास्तच शंका येते.

रंधा सागाच्या पाच पट्ट्या एकावर एक चिकटवतो. शेजारशेजारच्या पट्ट्यांचे रेषे उलटसुलट ठेवतो, म्हणजे ओलीत एकीच्या मनात वाकायचं आलं तर दुसरी तिला अडवते.

"नवराबायकोसारखं," तो म्हणतो आणि बहिणीकडे बघतो.

आमची ही तिथेच शिवणयंत्रावर बंदुकांच्या खोळी शिवत असते. मान वर न करता ती विचारते, "आणि मधे चिकटून बसलेला गोंद म्हणजे मेहुणा का रे?"

पट्ट्यांचा दांडा झाला की पन्हळ कोरायची. रंधाचं खरं काम ते. गोल पात्याचा एक लहानसा रंधा त्याने स्वतः घडवला आहे. तो घेऊन, कुठलीही पट्टी न लावता, नुसत्या नजरेने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. एवढ्या वेळात मात्र तोंड बंद. मग मी पन्हळीवरून पांढरा दोरा ताणायचा आणि दांडा खिडकीशी धरायचा. दोरा आणि कड यांच्यामध्ये कुठे उजेडाची चीर कमीजास्त दिसली तर दांडा जळणात. मी शेकड्यांनी दांडे धरले असतील. चीर वाकडी दिसली असं एकदाही झालं नाही.

आता मापांबद्दल सांगायला हवं, कारण घोळ तिथेच झाला. हाताची लांबी, पंजाची रुंदी, मनगटाचा कल ही मापं मी घ्यायचो. शेवटचं माप डोळ्याचं. माणूस जसा उजव्या हाताचा किंवा डावखुरा असतो, तसा त्याच्या दोन डोळ्यांत एक मालक असतो आणि एक भाडेकरू. नेम मालक धरतो. तो कुठला हे ओळखायचं म्हणजे गिऱ्हाइकाने दोन्ही हात पुढे ताणायचे, पंजे जुळवून मधे नाण्याएवढं भोक ठेवायचं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या भोकातून समोरच्या माणसाच्या नाकाकडे पाहायचं. समोरच्याला भोकातून जो डोळा दिसतो तो मालक. हात उजवा आणि मालक डोळा डावा निघाला, तर बंदुकीची मूठ मधोमध बसवून चालत नाही. ती तीन सूत, म्हणजे पाऊण इंचाच्या निम्मं, उजवीकडे सरकवून जराशी कलती बसवावी लागते. नाहीतर माणूस बंदुकीचं टोक माशावर धरतो, तिची मागची बाजू उजवीकडेच राहते आणि सळई माशाच्या डावीकडून निघून जाते.

हे माप रंधा घ्यायचा. त्याला कुणाच्याही डोळ्यांत बघता येतं. मी समोरच्याच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाशी बोलतो. "खाली मुंडी पाताळ धुंडी" ही म्हण आमच्या शेडमध्ये रोज निदान एकदा म्हटली जाते, आणि ती कुणाबद्दल हे विचारावं लागत नाही.

पोहणाऱ्या बाई आल्या त्या दिवशी रंधा दाढ काढून घ्यायला गेला होता. बाई ठरल्या वेळी आल्या, उभ्या राहिल्या, हात पुढे करा म्हटलं की करत, वळवा म्हटलं की वळवत. मग मी डोळ्याची परीक्षा समजावली. त्यांनी हात ताणून भोक केलं आणि त्यातून माझ्या नाकाकडे पाहायला लागल्या. मला फक्त मान वर करायची होती. मी गळपट्टीपर्यंत पोचलो. तिथून पुढे नजर जाईना. कुणी माझ्याकडे इतक्या सरळ बघितल्याला बरीच वर्षं झाली होती.

"दिसला का?" बाईंनी विचारलं.

"स्पष्ट," मी म्हणालो, आणि वहीत लिहिलं: उजवा.

बहुतेकांचा उजवाच असतो, अशी मी मनाची समजूत घातली.

बंदूक झाली. बाई येऊन घेऊन गेल्या. महिन्याभराने पत्र आलं. रंधाचे हात गोंदाने भरले होते, म्हणून तो म्हणाला, "वाचा, भाऊजी. कौतुक असेल तर जरा मोठ्याने, तुमच्या हिलाही ऐकू जाऊ दे."

मी उभ्या उभ्या वाचलं. बंदूक फार सुंदर आहे, पाण्यात हातात काही धरलंय असं वाटतच नाही. पण सळई डावीकडे जाते. तीन मीटरवर चार बोटं. दर वेळी चारच.

पान संपलं. शिवणयंत्र थांबलं होतं.

"डावीकडे," रंधा म्हणाला. तो हाताकडे बघत होता. "दाढ काढल्यावर दोन दिवस डोकं जड होतं माझं. त्यात कोरली असणार पन्हळ. हात हलला."

"दोऱ्यावर तर सरळ होती," मी म्हणालो.

"दोरा काय, पाणी खरं बोलतं. लिहा त्यांना, बंदूक परत पाठवा, नवीन करून देतो. आजच लिहा."

"लिहितो," मी म्हणालो.

पत्र पाठपोट लिहिलेलं होतं. मी पोट वाचलं होतं. जेवण झाल्यावर उत्तर लिहायला बसलो तेव्हा कागद उलटला आणि पाठ वाचली.

"आधी वाटलं बंदुकीतच काही असेल," बाईंनी लिहिलं होतं. "पण माझ्या भावाने तीच बंदूक घेतली आणि दहापैकी दहा नेम बरोबर लागले. म्हणजे दोष माझाच. नाचता येईना अंगण वाकडं, असं मला म्हणायचं नाही. हात कसा धरावा एवढं कळवलंत तर मी सराव करीन. उत्तराची वाट पाहते."

मी मापांची वही काढली. 'उजवा' हा शब्द माझ्याच अक्षरात होता, पण इतर शब्दांपेक्षा बारीक, कुणाला दिसू नये अशा बेताने लिहिल्यासारखा. भावाचा मालक डोळा उजवा असणार, बाईंचा डावा. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते वाकडं करणारा रंधा नव्हता.

त्या दुपारी उठून शेडमध्ये गेलो असतो तर पाच मिनिटांचं काम होतं. रंधा हसला असता, आठवडाभर चिडवलं असतं. पण सांगायचं काय? की तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांचे काना-मात्रे तपासणाऱ्या माणसाला एका बाईचा डोळा बघवला नाही, आणि वर तो 'स्पष्ट' म्हणाला? उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी रंधाने विचारलं, "लिहिलंत?" मी म्हणालो, "हो." एकदा 'हो' म्हटल्यावर परतीचं दार बंद झालं. बाईंची बंदूक परत आली नाही, कशी येणार? रंधाने त्याचा अर्थ असा लावला की बाईंचा आपल्यावरचा विश्वासच उडाला.

त्यानंतर रंधा बदलला. एकदम नाही. आधी तो पन्हळ कोरताना पोलादी पट्टी लावायला लागला. मग दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या. मग एकच पन्हळ दोन-दोन दिवस चालायची. मी दोरा धरायचो, सरळ म्हणायचो.

"तुम्ही काय, भाऊजी," तो म्हणायचा, "मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही नदीलासुद्धा सरळ म्हणाल."

हे ऐकताना मला काय व्हायचं ते लिहिता येत नाही. वही माझ्या काखेत असायची आणि पत्र वहीत.

काही दांडे त्याने माझ्या हातात दोरा यायच्या आतच जळणात टाकले. अकरा. मी मोजत होतो. तासताना बोलणंही कमी झालं. नावाला रंधा उरला, जीभ थांबली. ही एकदा म्हणाली, "माझा भाऊ म्हातारा झाला हो." मी म्हणालो, "वयच आहे." वय माझं त्याच्याहून आठ वर्षांनी जास्त आहे.

गेल्या महिन्यात एका सोमवारी तो चहा पिता पिता म्हणाला, "हातातला दांडा झाला की थांबायचं."

"थांबायचं म्हणजे?" हिने विचारलं.

"म्हणजे बंद. लोक श्वास कोंडून खाली जातात, ताई. त्यांच्या हातात वाकडी वस्तू द्यायची नाही. पलीकडच्या रस्त्यावरच्या फर्निचरवाल्याला हत्यारं देऊन टाकतोय. गोल पात्याचा रंधा बघून तो हरखलाय. शनिवारी येईल न्यायला."

"तो त्या रंध्याने करणार काय? पलंगाला पन्हळी पाडणार?"

"काही का करेना. माझा हात गेलाय हे मला आठ वर्षांपूर्वीच कळलं. तुम्हा दोघांना आता कळतंय."

मंगळवार गेला. बुधवार गेला. गुरुवारी सकाळी ही खोळ शिवत असताना मी तिच्या यंत्राशेजारी स्टूल ओढून बसलो आणि सांगून टाकलं. ती ऐकत होती, पाय चालू होता. 'उजवा' या शब्दाशी पाय थांबला.

"आठ वर्षं," ती म्हणाली. "आणि मी आपली समजत होते की तुमच्या पोटात काही राहत नाही."

"राहिलं."

"मला कशाला सांगताय? ज्याचा हात गेलाय त्याला सांगा." तिने दोरा दाताने तोडला. "आणि आत्ता जा. जेवून जातो म्हणू नका. जेवल्यावर तुम्ही वाचत बसता."

रंधा शेवटच्या दांड्याला पॉलिशकागद मारत होता. पन्हळ अजून कोरायची होती. मी पत्र वहीतून काढून पाठ वर करून त्याच्यापुढे ठेवलं.

"चष्मा घरी राहिला," तो म्हणाला. "वाचा. हे त्या पाणबुड्या बाईंचंच ना? कागद ओळखीचा वाटतो."

"तेच. त्या दिवशी मी पुढचीच बाजू वाचली होती."

मी मागची बाजू वाचली. वाचून झालं तेव्हा रंधाच्या हातातला पॉलिशकागद तसाच दांड्यावर टेकलेला होता.

"भावाचं काय म्हटलंय तेवढं परत वाचा."

"'माझ्या भावाने तीच बंदूक घेतली आणि दहापैकी दहा नेम बरोबर लागले.'"

"परत."

मी परत वाचलं.

"म्हणजे पन्हळ सरळ होती."

"हो."

"मग चुकलं कुठे?"

मी सांगितलं. दाढ, भोक, गळपट्टी, 'स्पष्ट'. मी त्याच्या दुसऱ्या बटणाकडे बघत होतो. ते तुटलेलं होतं, तिथे नुसता दोरा लोंबत होता.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दुपारी."

त्याने पॉलिशकागदाची चौकोनी घडी घातली, खिशात ठेवली, दारातल्या चपला पायांत सरकवल्या आणि तो निघून गेला. रंधा रागावला की भांडी आपटतो, लाकडाला शिव्या देतो. असा गुपचूप गेलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

शुक्रवारी तो आला नाही. मी हिला म्हटलं, "तू जाऊन ये ना त्याच्याकडे."

"मी का? मी नीट बघते लोकांच्या डोळ्यांत."

शनिवारी दहाच्या सुमाराला फर्निचरवाला आला. तरुण, गोरटा, हातात रिकामी पेटी. शेडमध्ये मी एकटा. त्याने फळीवरची हत्यारं बघितली आणि गोल पात्याच्या रंध्याकडे हात नेला.

मला अनोळखी माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांमुळे आमच्या घरात सहा झाडण्या आहेत. पण मी फळी आणि तो यांच्यामध्ये जाऊन उभा राहिलो.

"हे देता येणार नाही," मी म्हणालो.

"मला बोलावलंय. तुम्ही कोण?"

"मी... गणित करतो."

"कसलं गणित?"

"बंदुकांचं." त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला दिसलं नाही, कारण मी पेटीकडे बघत होतो. "ज्यांची हत्यारं आहेत त्यांनी ती एका चुकीपायी द्यायचं ठरवलं. चूक त्यांची नव्हती, माझी होती. ते स्वतः येऊन तुमच्या हातात ठेवत नाहीत तोवर मी देणार नाही. तुम्ही हवं तर बसा. नाहीतर... बसा."

"आणि तो आलाच नाही तर?" मागून रंधाचा आवाज आला.

तो दारात उभा होता. दाढी केलेली नव्हती.

"तर ते बसतील," मी म्हणालो.

रंधा आत आला. माझ्याशी बोलला नाही. त्याने शेवटचा दांडा शिकंज्यात आवळला, फळीवरून गोल पात्याचा रंधा उचलला, पात्यावरून अंगठा फिरवला. पोलादी पट्ट्या कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांच्याकडे त्याने बघितलंही नाही. मग वाकला आणि निघाला. शेडमध्ये फक्त ढलप्यांचा आवाज. ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. फर्निचरवाल्याने पेटी खाली ठेवली. रंधा या टोकाकडून त्या टोकाला गेला, परत आला, पुन्हा गेला. तासभर तरी झाला असेल. कपाळावरचा घाम नाकावर आला तरी त्याने पुसला नाही.

मग त्याने दांडा सोडवला. मी सवयीने दोरा उचलला.

"तुम्ही नाही," तो म्हणाला. तो दोरा माझ्या हातातून घेऊन त्याने फर्निचरवाल्याला दिला. "तुम्ही धरा. खिडकीशी. माझं तुमचं काही नातं नाही. वाकडं असेल तर वाकडं म्हणा आणि पेटी भरा."

फर्निचरवाल्याने दोरा ताणला. आधी एका बाजूने पाहिलं. मग दांडा फिरवून दुसऱ्या बाजूने पाहिलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं. एवढा वेळ घेणाऱ्या माणसाचा मला त्या क्षणी संताप आला.

"हे कुठल्या यंत्रावर केलं असतं तर किती वेळ लागला असता?" त्याने विचारलं.

"ते राहू द्या. सरळ आहे का?"

"सरळ आहे हो. माझ्या घरची भिंतसुद्धा इतकी सरळ नाही." त्याने दांडा दोन्ही हातांनी परत दिला आणि पेटी उचलली. "मला कशाला बोलावलंत पण?"

"चहा प्यायला," ही म्हणाली.

चहा मी केला. फर्निचरवाला गेल्यावर रंधा मोडक्या खुर्चीत बसला आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळला.

"अकरा दांडे जाळले मी, भाऊजी."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणे. त्यातला एक तर असा होता की त्याचे रेषे मला अजून आठवतात. सरळ होता तो."

"सरळच असणार."

"मी रागावलोय. हे आत्ताचं जे चाललंय ना, चहाबिहा, त्यावर जाऊ नका. राग आहे आणि तो चांगला पंधरा दिवस पुरेल."

"पुरू दे."

"तोवर चहा तुम्हीच करायचा. आणि साखर अशी मोजूनमापून नाही घालायची, गणितासारखी." त्याने कप खाली ठेवला. "त्या बाई आठ वर्षं काय समजत असतील?"

"तू समजत होतास तेच. की आपला हात वाईट आहे."

"मग काढा कागद."

मी कागद घेऊन बसलो. 'सादर नमस्कार' एवढं लिहून थांबलो. दुसरं वाक्य तीन प्रकारांनी सुचलं आणि तिन्ही खोडली.

"लिहा," रंधा म्हणाला, "बंदूक सरळ आहे. तुम्हीही सरळ आहात. वाकडे आहेत ते आमचे भाऊजी."

"असं कसं लिहू?"

"खोटं आहे?"

मी लिहिलं. त्याखाली बाकीचं माझ्या शब्दांत लिहिलं: आपला मालक डोळा बहुधा डावा असावा. माप घेताना मी आपल्याकडे पाहिलं नव्हतं आणि पाहिलं असं सांगितलं. आरशासमोर उभं राहून हाताच्या भोकातून स्वतःच्या नाकाकडे पाहिलंत तर आपल्याला खात्री करून घेता येईल. तसं असेल तर सळई डावीकडेच जाणार आणि दर वेळी चारच बोटं जाणार. चार म्हणजे चार, याचाच अर्थ आपला हात अत्यंत स्थिर आहे. आपल्याला सरावाची गरज नव्हती. बंदूक पाठवलीत तर मूठ तीन सूत सरकवून, कलती बसवून देऊ. आपण एवढ्या काळात दुसरी बंदूक घेतली असेल किंवा बुडी मारणं सोडलं असेल, तरीही हे आपल्याला कळायला हवं होतं, आणि त्याच आठवड्यात कळायला हवं होतं. पन्हळ ज्यांनी कोरली त्यांच्या हातात काही खोट नाही, हेही.

हिने पत्र वाचायला घेतलं आणि माझी पेन्सिल मागितली. सहा ठिकाणी 'क्षमा असावी' होतं. तिने पाच खोडली.

"एक राहू दे का?" तिने भावाला विचारलं.

"राहू दे एक. नाहीतर आजारी पडतील ते."

मी स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवलं. या वेळी कागदाच्या एकाच बाजूला बसेल इतक्या लहान अक्षरात लिहिलं. पत्ता जुन्या पाकिटावरून घेतला. बाई अजून त्या पत्त्यावर असतील का, तलाव तरी असेल का, हे मी मोठ्याने बोलून दाखवायला लागलो तेव्हा रंधाने पाकीट माझ्या हातातून घेतलं, गोंदाची कड जिभेने ओली केली आणि मांडीवर दाबून चिकटवलं.

"चला," तो म्हणाला.

"आत्ता? उन्हात?"

"तुम्ही 'टाकतो' म्हणाल. आठ वर्षांपूर्वी 'लिहिलं' म्हणाला होतात."

टपालकचेरी अर्धा दिवसच उघडी होती आणि बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती. खिडकीवर रांग नव्हती. तिकीट मी घेतलं, रंधाने लावलं, ते जरा तिरकं बसलं. तो ते काढून परत लावायला लागला.

"असू दे," मी म्हणालो.

"वाकडं आहे."

"पोचेल."

पेटी बाहेरच्या भिंतीला होती. आतून कुलूप उघडल्याचा आवाज येत होता, म्हणजे दुपारची पत्रं काढायला माणूस आला होता. रंधा माझ्या बाजूला उभा राहिला, मदत करायला नाही, साक्षीदार म्हणून. मी पाकीट फटीत घातलं. अर्ध्यावर ते अडलं, बोटाने ढकलल्यावर गेलं.

"पडलं?" रंधाने विचारलं.

"पडलं," मी म्हणालो.